दाखल-खारीज पुस्तकातील नावे

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आपल्या विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाने तापलेल्या खोल्या झाडून होतात न होतात तोच आईचा पदर धरून एखादे बालक दाराशी उभे राहते आणि आपण दाखल-खारीज पुस्तक उघडतो. त्या पुस्तकात रकाने पुष्कळ आहेत. जात, धर्म, मातृभाषा, जन्मस्थळ हे सारे मुलाच्या वाट्यास आपोआप आलेले असते. त्यात आईबापांना निवडीस वाव नव्हता. निवडीचा रकाना एकच, आणि तो नावाचा. पाऊस केव्हा पडावा, कापसास भाव काय यावा, यांपैकी कशावरही ज्यांचा अधिकार चालत नाही, अशा माणसांनी एका दिवशी आपल्या मनासारखे काही ठरविले, ते या रकान्यात उतरलेले आहे. आज मी आपणांशी या एका रकान्याविषयीच बोलणार आहे.

शाळाभेटीस गेलो म्हणजे मुख्याध्यापक चहा सांगतात. चहा येईपर्यंत जुनी दाखल-खारीज पुस्तके काढून वाचीत बसणे हे माझे व्यसन आहे. पिवळी पडलेली पाने, बोरूचे वळणदार अक्षर आणि नावांची रांग. वाचता वाचता मी मनाशी त्या घरांची चित्रे काढतो. त्यांतील पुष्कळ चित्रे चुकीची निघाली, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आजच्या बोलण्याचा पुष्कळसा भाग त्या चुकांविषयीच आहे.

जुन्या पानांवर सोमा, मंगळू, बुधा, बुधराम अशी वारांची नावे भेटतात. चैतू आणि फागू ही महिन्यांची नावे भेटतात. या नावांना कल्पनाशून्य म्हणून हसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. परंतु ज्या घरी पंचांग नव्हते, दिनदर्शिका नव्हती, आणि असती तरी वाचणारे कोणी नव्हते, त्या घरी मुलाचे नाव हीच त्याच्या जन्माची नोंद होती. मंगळू मंगळवारचा आणि फागू फाल्गुनातला, एवढे तरी त्या आईने पक्के करून ठेविले. आपल्या गुरुजनांनी मात्र त्याच मुलांच्या जन्मतारखा सरसकट १ जून किंवा १ जुलै अशा लिहून टाकल्या. गावोगावची वृद्ध मंडळी आज एकाच दिवशी वाढदिवस साजरा करतात, तो आपल्या लेखणीचा प्रताप होय. कल्पनाशून्य कोणास म्हणावे, हे आपणच ठरवा.

त्याच पानांवर दुसरी एक रांग आहे. कचरू, दगडू, धोंडू, चिंधू, भिकाजी, कवडू, नत्थू, उकंडा. ही नावे वाचून नव्या शिक्षकास प्रथम हसू येते आणि मग कीव येते. मलाही आली होती.

मी डी.एड. होऊन नुकताच नोकरीस लागलो होतो. गावाचे आणि शाळेचे नाव सांगत नाही. मुलाचेही खरे नाव सांगत नाही. त्याच धाटणीचे म्हणून आपण त्याला उकंडा म्हणू. उकंडा म्हणजे उकिरडा, हे आपल्या भागात कोणास सांगावयास नको. पहिल्या वर्गात नाव दाखल करताना मला वाटले, या कोवळ्या जिवाने जन्मभर हे ओझे का वाहावे? आईस न विचारता मी त्याचे नाव ‘उत्तम’ असे लिहिले. त्या दिवशी आपल्या हातून एक सत्कृत्य घडले, अशा समाधानात मी घरी गेलो.

पुढे आठ दिवस हजेरीत उत्तम गैरहजर. मी रोज नाव पुकारीत होतो आणि तो मुलगा समोर तिसऱ्या ओळीत बसून माझ्याकडे पाहत होता. आपल्याला कोणी हाक मारीत आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. नवव्या दिवशी त्याची आई आली. हातात खुरपे तसेच होते. ती रागावली नव्हती, घाबरली होती. ती म्हणाली, “गुर्जी, याच्या पह्यले माह्ये दोन लेकरं गेले. याले जलमल्याबराबर उकंड्यावर ठेवला, तवा हा राह्यला. तुमी नाव बदलवलं आन् याले काई झालं त?”

मजजवळ उत्तर नव्हते. बालमानसशास्त्राचे पुस्तक मी पाठ केले होते; त्यात हा प्रश्न नव्हता. मुख्याध्यापकांनी लाल शाईने दुरुस्ती करून खाली सही केली. मला ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी या नावांची चौकशी करू लागलो. ज्या घरी मुले जगत नसत, त्या घरी नव्या बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणीत. टाकून दिलेल्या वस्तूकडे मृत्यू कशास पाहील, असा तो डाव होता. कवडू म्हणजे शेजारणीस नावापुरता विकून एका कवडीत परत घेतलेला. बंगालमध्ये तिनकडी आणि पाचकडी ही नावे याच व्यवहारातून आली. नत्थूचे नाक टोचून त्यात नथ घालीत. मुलगे जगत नाहीत तर हा मुलगा नव्हेच, असे दैवास भासवावे. भिकाजी भीक मागून आणलेला, चिंधू परक्याच्या चिंधीत गुंडाळलेला. चीनमधील खेड्यांतही ‘कुत्र्याने खाऊन उरलेला’ अशा अर्थाचे लाडके नाव मुलास ठेवीत असत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे वर्षाच्या आत दगावत. या आकड्याशेजारी कवडू हे नाव ठेवून पाहा. तुच्छतेचे वाटणारे ते नाव घरातील सर्वांत मौल्यवान वस्तूवर घातलेले पांघरूण होते.

ही नावे आपल्या पुस्तकांतून हळूहळू दिसेनाशी झाली आहेत. पुष्कळांना वाटते, शिक्षणाने लोकांची अभिरुची सुधारली. मला हे पुरते पटत नाही. लस आली, दवाखाना जवळ आला, प्रसूतीसाठी वाहन मिळू लागले. २०२० च्या गणनेत महाराष्ट्राचे बालमृत्यूचे प्रमाण हजारी १६ होते. मुले जगू लागली आणि त्यांना लपविण्याची गरज संपली. मगच आईबापांना नावातून काही मागण्याची फुरसत मिळाली.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक हलके नाव मायेनेच ठेवलेले होते, असे समजणे ही दुसऱ्या बाजूची भाबडी चूक होईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असा नियमच दिला आहे. जे नियमात होते ते गावाच्या वहिवाटीतही होते. गावकुसाबाहेरच्या मुलाने भारदस्त नाव धारण केले तर ते वरच्या आळीत मोडून, तोडून, ‘या’ लावून उच्चारले जाई. तेव्हा दोन कचरू एकाच पानावर असतील, तर एकाचे नाव मृत्यूस फसविण्यासाठी आणि दुसऱ्याचे गावाने लादलेले, असेही असू शकेल. अक्षरे तीच असतात. नुसत्या नावावरून हा भेद सांगता येत नाही. त्या घरी जावे लागते.

आता आपल्या नागपूरचीच गोष्ट घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथील दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन घडवून आणले होते. या घटनांचा इतिहास आपण शाळेत शिकवितो; परंतु तो इतिहास शाळेच्या कपाटातही लिहून ठेवलेला आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. १९५६ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांची दाखल-खारीज पुस्तके काढून पाहा. वडिलांच्या रकान्यात दमडू, कवडू, भिकाजी. आणि मुलांच्या रकान्यात सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा. एका ओळीत, चार बोटांच्या अंतरावर, दोन युगे शेजारी शेजारी उभी आहेत.

एका खेड्यात एक वृद्ध गवंडी मला भेटले. त्यांनी आपल्या दोन मुलांची नावे मिलिंद आणि नागसेन अशी ठेविली होती. मी माझ्या सवयीप्रमाणे मनात चित्र काढले की कोणा भिक्खूंनी किंवा पुढाऱ्यांनी ही नावे सुचविली असावीत. तसे नव्हते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांची दुकाने लागतात, ती आपण पाहिली आहेत. त्यांनी तेथून एक लहान पुस्तिका आणली होती आणि शेजारच्या मुलाकडून ती वाचून घेतली होती. तिच्यात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. ते मला म्हणाले, “गुरुजी, आमाले कोनी प्रश्न इचारू देत नव्हतं. म्हून एकाचं नाव इचारनाऱ्याचं ठेवलं, एकाचं सांगनाऱ्याचं.” ज्यांना त्या वेळी अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनी मुलांची नावे एका ग्रंथातून घेतली होती, आणि ग्रंथ समजून घेऊन घेतली होती. आज त्याच वस्त्यांतून सम्यक, संबोधी आणि प्रबुद्ध आपल्या वर्गात येतात. ही नावे हजेरीत पुकारताना जोडाक्षर कठीण म्हणून ‘सम्या’ म्हणण्याची सवय ज्यांना असेल, त्यांनी ती टाकावी.

मुलींच्या नावांकडे वळताना मन जड होते. आपल्या विदर्भात अंतकला हे नाव आहे. कानाला ते मोठे गोड लागते. मला ते फार दिवस काव्यमय वाटत असे. एका आजीबाईंनी माझा भ्रम दूर केला. त्या स्वतःच अंतकला, घरातली पाचवी मुलगी. “पोरींचा अंत झाला पाह्यजे, म्हून अंतकला,” असे त्यांनी हसत हसत सांगितले. हरियाणात अशा मुलीस भतेरी म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. सातारा जिल्ह्यात नकुशी म्हणतात. तेथे ऑक्टोबर २०११ मध्ये नकुशी किंवा नकुसा नावाच्या सुमारे २८० मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्यातील मला मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, मुलींनी नवी नावे स्वतः निवडली. कोणी ऐश्वर्या घेतले, कोणी सावित्री. सिनेतारकेचे नाव घेतल्याबद्दल काहींनी नाके मुरडली. परंतु ज्या मुलीला घराने ‘नको’ म्हटले, तिने सर्वांना हवीशी वाटणारी व्यक्ती निवडली, यात तिचे काय चुकले?

उकंडा आणि नकुशी ही दोन्ही नावे नकारार्थी आहेत. एकात नको म्हणणे खोटे आणि हवे असणे खरे. दुसऱ्यात नको म्हणणेच खरे. शब्दकोशात हा भेद सापडत नाही.

अलीकडच्या नावांविषयी थोडे बोलतो. ज्येष्ठ शिक्षकांची तक्रार असते की, आता सारी नावे दूरदर्शनवरील मालिकांतून आणि भ्रमणध्वनीवरून येतात. विहान, आरोही, स्वरा, रुद्र यांत गावाचा गंध राहिला नाही. उसनी नावे घेण्याची चाल आजची नाही. प्रा. रमेश तेंडुलकर हे मराठीतील कवी. १९७३ साली मुलगा झाला तेव्हा त्यांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून त्याचे नाव सचिन ठेविले. सुनील गावसकरांनी वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून मुलाचे नाव रोहन ठेविले. पुढे गावोगाव सचिन झाले ते बर्मनदांवरून नव्हे, क्रिकेटवरून. नाव तेच, पण एका बापाच्या मनात गाणे होते आणि दुसऱ्याच्या मनात मैदान.

माझी आणखी एक फजिती सांगतो. एका शाळेत पहिलीतल्या सचिनच्या वडिलांना मी मोठ्या ऐटीत विचारले, “आपणांस क्रिकेटचा फार नाद दिसतो?” ते गोंधळले. शेतमजूर गृहस्थ, चेंडूफळीशी त्यांचा काही संबंध नव्हता. २०१४ पासून आपल्याकडे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आहे. पावसाळ्याच्या रात्री त्यांच्या पत्नीस घेऊन ती निघाली, नाल्याला पूर होता, आणि बाळाचा जन्म वाटेतच गाडीत झाला. त्या गाडीच्या चालकाचे नाव सचिन होते. मुलाच्या नावात त्या रात्रीचे उपकार फेडलेले होते, आणि मी त्यात धावसंख्या वाचीत होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, नाव वाचून कल्पना अवश्य करावी. जो शिक्षक नावाच्या मागे घर पाहतच नाही, त्याला वर्गात केवळ पटसंख्या दिसते. परंतु ती कल्पना घेऊन त्या घरी जाऊन विचारावे. न विचारता केलेली कल्पना दोन दिवसांत ग्रह बनते. आपल्यांतील एक वाईट खोड मी स्पष्ट सांगतो. मुलाने नाव सांगितले की आपण म्हणतो, “पूर्ण नाव सांग.” त्या ‘पूर्ण’ या शब्दाने आपणांस काय हवे असते, हे मुलास लवकरच कळते. आडनाव कळले की जात कळली असे वाटते, जात कळली की हा गणितात कितपत जाईल याचा अंदाज बांधला जातो, आणि मग तो अंदाज खरा करण्यासाठी मुलापेक्षा आपणच अधिक झटतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. तो दिवस आपण २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. भिवा या दोन अक्षरांवरून त्या दिवशी कोणास काय अंदाज बांधता आला असता?

नोंदीच्या कामाविषयी दोन शब्द बोलणे माझ्या पदास प्राप्तच आहे. आता नावाच्या बाबतीत आपल्या लेखणीची सत्ता उरलेली नाही, आणि ते योग्यच झाले. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशाचा आधार ठरविण्यात आला आहे. तरी चुका होतातच. बालाघाट, छिंदवाड्याकडून वीटभट्टीवर येणाऱ्या मजुरांची मुले दुर्गेश्वरी, टिकेश्वर अशी नावे घेऊन येतात. आपण कानाला जसे लागेल तसे लिहितो, आधारपत्रावर निराळे असते, आणि शिष्यवृत्तीच्या वेळी त्या बापाची मजुरी बुडून चार खेपा होतात. एक वेलांटी चुकली तर त्याची किंमत आपण देत नाही, तो देतो. तसेच शासनाने मार्च २०२४ मध्ये ठरविल्याप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव अशी नोंद व्हावयाची आहे. ही मुले लवकरच अंगणवाडीत व पुढे आपल्याकडे येतील. तेव्हा आईला तिचे नाव विचारताना “त्याची आई” एवढ्यावर भागवू नका. पुष्कळ स्त्रियांची सासरी आणि माहेरी निरनिराळी नावे असतात. कोणते लिहावयाचे, हे तिने सांगावे, सोबत आलेल्या दिराने नव्हे.

या सत्रात आपण एक करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्याचे परिपत्रक निघणार नाही आणि अहवालही मागविला जाणार नाही. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पालकास एवढेच विचारा: “हे नाव कोणी ठेवले?” आत्या म्हणतील, आजोबा म्हणतील, दवाखान्यातील परिचारिका म्हणतील. मग गप्प राहा. पुढचे ते स्वतः सांगतात. ऐकलेले दाखल-खारीज पुस्तकात लिहू नका. एखाद्या साध्या वहीत लिहा, आणि ती वही कार्यालयात नव्हे, वर्गात ठेवा.

उकंड्याविषयी सांगावयाचे राहिले. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी तपासणीस गेलो असता एक तरुण गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन प्रवेशासाठी आले. त्यांनी मला ओळखले; मी त्यांना ओळखले नाही. मुलीच्या प्रवेशपत्रावर वडिलांचे नाव निराळेच होते. मी विचारता ते म्हणाले, “माय गेल्यावर राजपत्रात बदलवून घेतलं, गुरुजी. ती होती तोवर तेच ठेवलं.” नवे नाव त्यांनी स्वतः निवडले होते. ते उत्तम नव्हते. मी मुलीला तिचे नाव विचारले आणि ते कोणी ठेवले, असे तिच्या वडिलांना विचारले. ते बाकावर बसले आणि सांगू लागले.